सुपरहिरोचं मरण (कॉमिक्स)

सुपरहिरोचं मरण हा अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समधला नेहमीचा प्रकार आहे. एखादं मोठं पात्र वाजतगाजत मारायचं, अंक धडाधड खपवायचा, आणि मग काही महिन्यांनी नाहीतर काही वर्षांनी तेच पात्र या ना त्या कारणानं पुन्हा उभं करायचं. वाचकाला आता याची इतकी सवय झालीय की डोळ्यात पाणी सोडा, भुवईपण वर जात नाही. सोलापुरात आमच्या कॉमिक्सवाल्या पोरांच्या ग्रुपवर कुणी "अमका मेला की बे" असं टाकलं की खाली "कसा मेला" असं कुणी विचारतच नाही, "परत कधी येतोय" हेच पहिलं येतं, आणि एखादा तर महिनासुद्धा सांगून मोकळा होतो.

वाचकाला दुःख होत नाही याचं सगळं खापर लोक पात्रांच्या परत येण्यावर फोडतात. ते अर्धंच खरंय.

सुरुवातीची मरणं

सुरुवातीला मरण हिरोच्या वाट्याला यायचं नाही, त्याच्या घरच्यांच्या वाट्याला यायचं. बॅटमॅनचे आईवडील १९३९ मध्ये गल्लीत गोळ्या लागून मेले, स्पायडरमॅनचा बेनकाका १९६२ मध्ये पहिल्याच गोष्टीत गेला. ती मरणं म्हणजे घराचा पाया, ती काढली तर वरचं सगळं कोसळतं, म्हणून त्यांना सहसा कुणी हात लावत नाही.

खरा धक्का बसला १९७३ मध्ये. द अमेझिंग स्पायडरमॅनच्या १२१ व्या अंकात ग्रीन गॉब्लिन हा खलनायक स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली ढकलतो. स्पायडरमॅन वरून जाळं सोडतो, ते तिच्या पायाला चिकटतं, पडता पडता ती हिसका बसून थांबते, आणि त्या चित्रात तिच्या मानेपाशी एक बारीकसा आवाज लिहिलाय, कट्. घाईत पान उलटलं तर दिसणारही नाही एवढा. हा वेडा तिला वर ओढताना स्वतःवरच खुश आहे, आपण वाचवलं म्हणून तिच्याशी बोलतोय, आणि ती केव्हाच गेलीय. हिसक्यानंच मान गेली हे संपादकांनी नंतर वाचकांच्या पत्रांच्या पानावर सांगितलं. म्हणजे वाचवायला टाकलेल्या जाळ्यानंच मारलं. पुढं ग्वेनच्या नकला आल्या, क्लोन आले, पण मूळ ग्वेनचं मरण दशकानुदशकं टिकलं, आणि म्हणूनच ते पान आजही लोकांच्या लक्षात आहे.

१९८२ मध्ये लेखक-चित्रकार जिम स्टारलिननं कॅप्टन मार्व्हल या हिरोला कॅन्सरनं मारलं. बुक्की मारायला समोर कुणी नाही, पलंगाभोवती जमलेले मित्र एवढंच. विश्व वाचवणारी सगळी मंडळी तिथं उभी आहेत आणि कुणालाच काही करता येत नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर रात्र काढलेल्या माणसाला तो अंक समजावून सांगावा लागत नाही.

धंद्याची बाजू

सुपरमॅन १९३८ पासून चालू आहे. लिहिणारे बदलतात, चित्रं काढणारे बदलतात, पण मालकी कंपनीची, आणि कपड्यांपासून सिनेमापर्यंत सगळीकडं त्याचं चिन्ह विकलं जातं, त्यामुळं असली दुभती म्हैस कुणी कायमची कापणार नाही हे शाळकरी पोरालासुद्धा कळतं. तरी १९९२ च्या नोव्हेंबरात त्याला मारलाच. मजा म्हणजे लेखकांना त्या वर्षी खरं तर त्याचं प्रेयसी लोइस लेनशी लग्न लावायचं होतं, पण टीव्हीवर त्या दोघांची नवी मालिका येणार म्हणून लग्न पुढं ढकललं आणि मधल्या काळात काय करायचं तर मारू या, असं ठरलं. लग्न राहिलं म्हणून मयत, असला प्रकार आपल्याकडं ऐकलाय का कुणी. (लग्न शेवटी १९९६ मध्ये झालं.)

तो अंक, सुपरमॅन ७५, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून विकला, आत दंडाला बांधायची काळी पट्टीपण होती. लोकांनी दोन-दोन चार-चार प्रती घेऊन एक वाचायला आणि बाकीच्या न फोडता कपाटात ठेवल्या, पुढं भाव येईल म्हणून. लाखो प्रती खपल्या, ज्याच्या त्याच्या कपाटात तीच पिशवी, मग भाव कुठला येणार.

पण एक कबूल करायला पाहिजे, अंक बांधलाय मात्र झकास. आदल्या तीन अंकांत एका पानावर चार चित्रं, मग तीन, मग दोन, आणि या शेवटच्या अंकात पानभर एकच चित्र. जसं मरण जवळ येतं तशी चित्रं मोठी होत जातात, वाचणाऱ्याची पानं उलटायची गती आपोआप बदलते. आणि वर्षभराच्या आत, १९९३ मध्ये, स्वारी लांब केस वाढवून परत हजर.

परत यायच्या वाटा

क्लोन, जुळं विश्व, काळातला प्रवास, "तो मेलाच नव्हता", "मेला तो दुसराच होता". आपल्याकडच्या संध्याकाळच्या सिरीयलीत दरीत पडलेला माणूस प्लास्टिक सर्जरी करून परत येतो, त्याच्याच कुळातलं हे सगळं.

बॅटमॅनच्या दुसऱ्या रॉबिनचं, म्हणजे त्याच्या पोरसवदा साथीदाराचं, जेसन टॉडचं, तर १९८८ मध्ये फोनवर मतदान घेतलं होतं, एका कॉलला ५० सेंट. मारा म्हणणारे ५३४३, जगू द्या म्हणणारे ५२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं, आमच्याकडं वॉर्डातली निवडणूकसुद्धा याच्यापेक्षा मोठ्या फरकानं जिंकतात. जोकरनं आधी पहारीनं मारलं, मग बॉम्ब. कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी १९६४ च्या अंकापासून मेलेला होता. चाहत्यांत एक म्हणच होती की कॉमिक्समध्ये बकी, जेसन टॉड आणि बेनकाका सोडून कुणी मेलेलं राहत नाही. २००५ मध्ये एकाच वर्षात बकीपण आला आणि जेसनपण आला, आणि म्हणीत बिचारा बेनकाका एकटा उरला. जेसन कसा जिवंत झाला, तर दुसऱ्या एका पात्रानं वास्तवाच्या भिंतीवर बुक्क्या मारल्या म्हणून. होय, हेच अधिकृत कारण आहे.

एक्स-मेन या सुपरहिरोंच्या टोळीच्या लेखकांनी तर २०१९ मध्ये लाजच सोडली. क्राकोआ नावाच्या बेटावर पाच जणांनी मिळून मेलेल्याला अंड्यातून नवं शरीर द्यायची सोयच करून टाकली. मला विचाराल तर हे जास्त प्रामाणिक, निदान वाचकाला गंडवलं तरी नाही.

दुःख का टिकत नाही

आता मुद्द्याचं. परत येतो म्हणून दुःख टिकत नाही असं असतं तर गड्ड्याच्या जत्रेत कुणाला काही वाटलंच नसतं. सोलापुरात दर जानेवारीत सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेला सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, महाराजांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होम मैदानावर तीच कन्या होमात जाते. बाजरीची पेंढी नवरीसारखी नटवलेली असते, साडी, मंगळसूत्र, सगळं. अग्नी दिला की कालपर्यंत हलग्यांच्या तालावर नाचणारी माणसं हात जोडून गप्प उभी राहतात. पुढच्या वर्षी तिचं परत लग्न लागणार, परत होम होणार, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. माझी आजी आयुष्यभर गेली आणि दरवेळी पदर डोळ्याला लावायची.

फरक असाय की गड्ड्यात गोष्ट पहिल्यापासून परत सांगतात. ती कन्या होमातून बाहेर येऊन "मी नव्हतेच ती" असं म्हणत नाही. तिनं जे दिलं ते दिलेलंच राहतं.

कॉमिक्समध्ये गोष्ट एकच, सलग, पुढं पुढं चाललेली, आणि तिच्यात मागचं खोडतात. याचं सगळ्यात वाईट उदाहरण एक्स-मेनमधली जीन ग्रे. १९८० मध्ये ती चंद्रावर स्वतःहून मरते, कारण तिच्या शक्तीनं अब्जावधी जिवांचं एक जग जळालंय आणि आपल्याला आवर घालता येणार नाही हे तिला कळलंय. तिचा प्रियकर स्कॉट समोर हतबल उभा. मरण आणि प्रायश्चित्त एकदम, वाचून झाल्यावर बोलवत नाही. मग १९८६ मध्ये कळतं की ती जीन नव्हतीच, तिचं रूप घेतलेली एक वैश्विक शक्ती होती, खरी जीन पाण्याच्या तळाशी एका कोशात निवांत झोपलेली. म्हणजे पापही तिचं नाही आणि त्यागही तिचा नाही. बरं, स्कॉटनं मधल्या काळात लग्न केलेलं, पोरगं झालेलं, तो बायको-पोराला टाकून जीनकडं पळाला. ते लग्न निभवता येईना म्हणून पुढं त्या बायकोलाच क्लोन ठरवून निकालात काढली.

मेलेल्याचं काय, तो कागदावरचा. आपण रडतो ते मागं राहिलेल्यांबरोबर, आणि परत आल्यावर त्यांचंच रडणं फुकट जातं. चार वेळा तसं झालं की वाचणारा पाचव्या वेळी हात आखडता घेतो. ह्यूमन टॉर्च २०११ च्या सुरुवातीला गेला, परत काळी पिशवी, आणि वर्ष संपायच्या आत परत. मिस मार्व्हल कमला खान २०२३ च्या मे महिन्यात गेली, जुलैत आली. आपल्याकडं वर्षश्राद्धापर्यंत तरी थांबतात.

उलटं जमलेलंही आहे. बॅरी ॲलन हा फ्लॅश, म्हणजे वाऱ्याच्या वेगानं पळणारा हिरो, १९८५ मध्ये गेला तो २००८ पर्यंत नव्हता, आणि त्या तेवीस वर्षांत त्याच्या बायकोचा भाचा वॉली वेस्ट लाल कपडे घालून आधी भेदरलेला, मग हळूहळू स्वतःच्या पायावर उभा राहिलेला असा वाचकांनी पाहिला. एक पिढी वॉलीलाच फ्लॅश मानत मोठी झाली, त्यामुळं बॅरी परतला तरी वॉलीची ती वर्षं वाचकांच्या मनातून कुणाला खोडता आली नाहीत.

वेताळ

आमच्या पिढीच्या थोरल्या भावांना हे सगळं इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळामुळं आधीच माहीत होतं. ली फॉकनं १९३६ मध्ये आणलेला हा हिरो मरतो. वीस वेताळ मरून कवटीच्या आकाराच्या गुहेत पुरलेले आहेत, आणि बाप गेला की पोरगा मुखवटा चढवतो, बाहेरच्यांना वाटतं हा अमरच आहे. रद्दीच्या दुकानातून किलोवर आणलेल्या, पहिलं पान गायब असलेल्या त्या अंकांत मला कायम त्या थडग्यांची रांग बघायला आवडायची, कारण तिथला एकही परत उठलेला नव्हता. अर्थात आपण वाचायचो तो एकविसावा. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं तोपर्यंत तोही काही मेला नव्हता.