कात्री, चेलो आणि घोडे : जोसेफ केनची वाटचाल

हॉलिवूडचा गाणारा काऊबॉय रॉय रॉजर्स 1938 साली पहिल्यांदा नायक म्हणून पडद्यावर आला, तेव्हा दिग्दर्शक होता जोसेफ केन. रॉजर्स आणि त्याचा घोडा ट्रिगर घराघरांत पोचले, केनचं नाव मात्र मागे पडलं. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

केनचा जन्म 1894चा, सॅन डिएगोचा. आधी तो चेलो वाजवून पोट भरायचा, मग मूकपटांच्या अखेरच्या काळात संकलनाकडे वळला. संकलक तेव्हा फिल्मची पट्टी दिव्यासमोर धरून एकेक चौकट पारखायचा, नको तिथे कात्री लावायचा आणि उरलेले तुकडे फिल्म-सिमेंट नावाच्या चिकट द्रावणाने जोडायचा. कुठला शॉट किती वेळ टिकतो, हे अशा कामात हाताला कळू लागतं.

1935मध्ये हर्बर्ट येट्सने काही छोट्या चित्रसंस्था एकत्र करून रिपब्लिक स्टुडिओ काढला. फिल्म धुण्याची मोठी प्रयोगशाळा येट्सचीच, आणि या संस्था तिचं देणं लागत होत्या. त्याच वर्षी गायक-नट जीन ऑट्रीचा रिपब्लिकमधला पहिला चित्रपट केनने दिग्दर्शित केला. गाणारा नायक मराठी प्रेक्षकाला संगीत नाटकापासून ठाऊक आहे. अमेरिकेत मात्र घोड्यावर बसून गाणारा काऊबॉय ही ताजी गोष्ट होती. गाणं कुठे सुरू करायचं आणि पाठलाग कुठे तोडायचा, हे ठरवायला चेलोवादकाचा कान केनच्या कामी आला असणार, असं मी मानतो.

रिपब्लिकचा सर्वांत स्वस्त वेस्टर्न, म्हणजे काऊबॉयपट, साधारण सात दिवसांत, पन्नासेक हजार डॉलरांत उरकायचा. एवढ्या घाईत दहा बाजूंनी चित्रीकरण करून ठेवणं परवडत नाही. कोणता तुकडा लागेल आणि कोणता टेबलाखाली पडेल, हे कॅमेरा सुरू होण्याआधीच डोळ्यांपुढे असावं लागतं. संकलकाचं शिक्षण इथे थेट पैसे वाचवतं. ऑट्री पगारावरून स्टुडिओशी भांडून निघून गेला आणि रॉजर्सला संधी मिळाली, तेव्हाही स्टुडिओने दिग्दर्शनासाठी केनलाच बोलावलं.

पुढे रॉजर्सच्या अनेक चित्रपटांवर केन दिग्दर्शक तर होताच, शिवाय सहनिर्माताही. रिपब्लिकमध्ये हे पद नावापुरतं नसे. खर्च आणि वेळापत्रक खरोखर त्याच्याच हाती असायचं. 1945मध्ये जॉन वेनच्या दोन चित्रपटांवर त्याने या दोन्ही जबाबदाऱ्या पेलल्या. 1956 साली रिपब्लिकने नॅचुरामा हे रुंद पडद्याचं तंत्र पहिल्यांदा वापरलं, तो बार्बरा स्टॅनविकचा वेस्टर्नही केननेच काढला.

1950च्या दशकाअखेर रिपब्लिकची चित्रनिर्मिती थांबली. वेस्टर्न टीव्हीवर गेला आणि पासष्टीच्या आसपास पोचलेला केनही त्याच्यामागे गेला. 1975 साली त्याचं निधन झालं. रिपब्लिकच्या स्टुडिओचं आवार तोवर सीबीएस या टीव्ही कंपनीने विकत घेतलं होतं.