फ्रिगेटचा भुंगेरा आणि गेंड्या भुंगा : पार्श्वभूमी

माडाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा कोकणातल्या बागायतदाराला नव्याने सांगायला नको. सेशेल्समधल्या फ्रिगेट बेटावरचा खडबडीत पाठीचा भुंगेरा मात्र आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. त्याचे हे घर जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे. दोघांच्याही अळ्या कुजक्या लाकडात वाढतात. मोठे झाल्यावर वाटा फुटतात. गेंड्या रात्री उडून नवा माड गाठतो, तर फ्रिगेटचा भुंगेरा दिवसा सालीच्या भेगांत बसतो आणि रात्री खोडावर हिंडतो.

त्याला सर्रास ‘बिनपंखी’ म्हणतात आणि घोटाळा इथेच होतो. भुंगेऱ्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. वरची कठीण जोडी म्हणजे पाठीवरचे कवच, उडण्याची जोडी त्याखाली. फ्रिगेटच्या भुंगेऱ्याचे कवच शाबूत आहे, पण मधल्या शिवणीवर जुळून गेल्यामुळे ते उघडत नाही. त्याने गमावले ते उडणे. ते का गमावले, यावर १८५९ पासून वाद आहे. अटलांटिक महासागरातल्या मदेइरा बेटांवरच्या साडेपाचशे भुंगेरा-जातींपैकी दोनशेंना उडता येत नव्हते. उडणारे वाऱ्याने समुद्रात जातात, न उडणारे मागे उरतात, असा डार्विनचा तेव्हाचा खुलासा. विरोधकांचे म्हणणे असे, की अन्न पायाशी असेल तर पंख पोसायचे कशाला? २०२० मध्ये दक्षिण महासागरातल्या बेटांवरील कीटकांच्या अभ्यासाने वाऱ्याच्या बाजूने कौल दिला. पण ती बेटे उघडी, वादळी. खोडाच्या आडोशाने जगणाऱ्या फ्रिगेटच्या भुंगेऱ्याला दुसरे कारण जास्त लागू पडते, असे मला वाटते.

१९९५ मध्ये फ्रिगेटवर उंदीर पोचले. भुंगेऱ्यांना उडून निसटणे शक्य नव्हते. १९९६ मध्ये काही भुंगेरे परदेशी प्राणिसंग्रहालयांत नेऊन त्यांची पैदास सुरू झाली. २००० मध्ये विष टाकून उंदीर संपवले. भुंगेऱ्याचे आवडते झाड आपल्या बिबळ्याचे भाऊबंद, आणि त्यालाही बुरशीच्या मर रोगाने गाठले.

गेंड्या १९०९ च्या सुमारास प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर पोचला, बहुधा श्रीलंकेहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर. १९६७ मध्ये तिथे त्याच्यावर विषाणू सोडला आणि उपद्रव कमी झाला. २००७ मध्ये त्याच महासागरातल्या गुआम बेटावर सापडलेल्या गेंड्याच्या वाणावर मात्र तो विषाणू चालेना. २०१३ मध्ये गेंड्या हवाईतही आढळला. २०१५ च्या वादळात गुआमवर माड आडवे झाले. ते कुजत गेले आणि त्या लाकडात अळ्यांची नवी पैदास झाली.