भायखळ्याचे कैदी आणि बंद पाकिटं

जानेवारी १८९७. मुंबईत प्लेगनं घरंच्या घरं रिकामी होत होती. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारीला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. टोचलं त्याच दिवशी आजारी दिसलेले सोडले, तर पुढे लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला, दोघंही वाचले.

आकडे बोलके आहेत, पण मला दोन गोष्टी सलतात.

पहिली म्हणजे लस कोणी घ्यायची हे कैद्यांनी स्वतःच ठरवलं. मुळात धडधाकट असलेलेच पुढे आले असतील तर? मग त्यांना लशीनं तारलं की त्यांच्या प्रकृतीनं? या पेचावरचा नामी उपाय ब्रिटनमध्ये १९४७ साली क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत दिसला. औषध सगळ्यांना पुरणारं नव्हतंच. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी कोणाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं आधीच ठरवून बंद पाकिटांत ठेवलं. रुग्ण चाचणीत घ्यायचा हे पक्कं झाल्यावरच पाकीट फोडायचं. डॉक्टरच्या मायेला किंवा अंदाजाला तिथं वावच नव्हता. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण गेले; नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. गजाआडच्या माणसाचा होकार कितपत मोकळा असणार? आणि त्या पाकिटांच्या चाचणीत तर विश्रांतीवरच्या रुग्णांना आपण चाचणीत आहोत हेही ठाऊक नव्हतं.

आज भारतात औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. भाग घेणाऱ्यांचं हित जपणाऱ्या नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय चाचणी सुरू करता येत नाही. कारण न सांगता कधीही बाहेर पडता येतं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, शिवाय भरपाई. नव्या औषधाच्या चाचणीची नोंद सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या सरकारी संकेतस्थळावर असते, ती कोणालाही पाहता येते.

तुम्हाला कोणी चाचणीत भाग घ्याल का असं विचारलं, तर संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. मला औषध मिळणार की चिठ्ठीवर अवलंबून? रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? नाही म्हटलं तर माझे नेहमीचे उपचार चालू राहतील ना? उत्तरं मिळेपर्यंत पेन हातात घेऊ नका.