डोळ्यापुढची चिलटं आणि पडद्यातलं छिद्र

पांढऱ्या भिंतीकडे किंवा निरभ्र आकाशाकडे पाहताना चिलटासारखे ठिपके, कोळिष्टकासारखे धागे तरंगताना दिसतात. नजर फिरवली की पळतात, नजर थांबली तरी क्षणभर सरकतच राहतात. लॅटिनमध्ये त्यांचं नावच ‘उडत्या माश्या’ असं आहे. डोळ्यात सुमारे 4 मिलिलिटर व्हिट्रियस जेल असतं, त्यात 98 टक्क्यांहून जास्त पाणी. वयाबरोबर ते पातळ होतं, तंतूंच्या गुठळ्या होतात आणि त्यांची सावली पडद्यावर, म्हणजे रेटिनावर पडते. वर्षानुवर्षांचे तेच ठिपके असतील तर काळजी नाही.

पन्नाशीनंतर बहुधा हे जेल पडद्यापासून सुटतं. सहज सुटलं तर ठीक. पण जिथे घट्ट चिकटलेलं असतं तिथे ते पडदा फाडतं, मग छिद्रातून पाणी मागे शिरतं आणि पडदा सरकतो.

हे उमगायला फार वेळ लागला. 1851 मध्ये हेल्महोल्ट्झच्या ऑफ्थॅल्मोस्कोपने जिवंत डोळ्याचा तळ दिसू लागला, पण छिद्रं असतात कडेला. ज्यांना ती दिसली, त्यातल्या अनेकांनी छिद्र हा पडदा सरकल्याचा परिणाम मानला. उपचार म्हणजे डोळे बांधून आठवडेच्या आठवडे झोपून राहणं. 1912 मध्ये अमेरिकेत डेरिक व्हेल यांनी डॉक्टरांना विचारून अंदाज काढला, तेव्हा बरे होणारे निघाले हजारात एक!

स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे नेत्रतज्ज्ञ ज्यूल्स गोनँ यांनी गणित उलटं मांडलं: छिद्र हेच कारण. ते छिद्राची जागा मोजून हुडकत आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तापलेलं टोक घालून ती जागा डागत. 1929 च्या ॲमस्टरडॅम परिषदेपर्यंत जगाला हे पटलं. चाळीसच्या दशकात शेपेन्स यांनी डोक्यावर बांधायचा, दोन्ही डोळ्यांनी पाहायचा ऑफ्थॅल्मोस्कोप आणला आणि पडद्याची कड नीट दिसू लागली. जर्मनीत मायर-श्विकेराथ यांनी आधी सूर्यप्रकाश, मग झेनॉन दिवा वापरून डाग दिले. पुढे लेझर आला.

एक जुनी समजूत मात्र चिवट निघाली. 1935 मध्ये फॉस्टर मूर यांनी अंधारात कडेला चमकणाऱ्या विजेच्या रेघांचं वर्णन केलं आणि त्या निरुपद्रवी ठरवल्या. बहुतेक वेळा असतातही, पण ती चमक म्हणजे पडद्याला बसणारी ओढ. (दोन्ही डोळ्यांत वीसेक मिनिटं नागमोडी रेषा हलत राहिल्या तर तो बहुधा मायग्रेन.)

ठिपके अचानक वाढले किंवा चमक दिसली आणि जेल सुटल्याचं निदान झालं, तर साधारण सातातल्या एकाच्या पडद्याला फाट सापडते. काजळी उडाल्यासारखे असंख्य बारीक ठिपके म्हणजे रक्तस्राव असू शकतो. मग फाट असण्याची शक्यता बरीच वाढते. अशा वेळी त्याच दिवशी, फार तर 24 तासांत दाखवावं. एकेक डोळा झाकून पाहा: कडेने काळा पडदा येत असेल तर तासही दवडू नये. जास्त मायनस नंबर, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डोळ्याला मार, घरात कुणाचा पडदा सरकलेला असणं, यांत धोका जास्त.

चष्म्याचा नंबर काढून घेणं म्हणजे ही तपासणी नव्हे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून कड पाहावी लागते. नंतर चार-सहा तास धूसर दिसतं, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नये. पाणी शिरण्याआधी फाट सापडली तर ओपीडीतच लेझर होतो. तो डाग पक्का धरायला दोनेक आठवडे लागतात. काही सापडलं नाही तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं, कारण काही फाटी मागाहून पडतात.