किझी बेटावरचं लाकडी चर्च : दुरुस्तीच्या वादाची पार्श्वभूमी

रशियाच्या वायव्येकडच्या ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावर उन्हाळ्यात पेट्रोझावोद्स्क शहराहून जलद बोटी जातात. सव्वा तासात माणूस तिथे पोचतो, गर्दी बरीच असते आणि बहुतेकांची पावलं थेट २२ घुमटांच्या चर्चकडे वळतात. ते साहजिकच आहे. पण हे चर्च आज जसं दिसतं त्यात १७१४ च्या सुतारांचा जितका हात आहे, तितकाच गेल्या सत्तर वर्षांत घेतलेल्या निर्णयांचाही आहे, आणि त्यातल्या काहींवर अजूनही एकमत नाही.

बेटावरच्या बहुतेक वास्तू मुळात तिथल्या नाहीत. दोन चर्च आणि एक घंटाघर मूळ जागी उभी आहेत. बाकीची बहुतेक घरं, प्रार्थनाघरं, पवनचक्की आजूबाजूच्या गावांतून उचलून आणली. ओंडक्यांच्या बांधकामाला हे जमतं : एकेका ओंडक्यावर खूण करायची, उतरवायचा, नव्या जागी त्याच क्रमाने रचायचा. १८७६ चं एक मोठं शेतकरी घर १९५१ मध्ये असंच आलं. त्यात राहतं घर, गोठा आणि कोठार एकाच छपराखाली आहे, कारण इथल्या हिवाळ्यात गुरांकडे जायला बाहेर पडणंसुद्धा कठीण. संग्रहालय म्हणून रीतसर स्थापना १९६६ ची. बेटाची कुरणंही त्याच्याच राखणीत आहेत. ठरलेल्या वाटा सोडून गवतात शिरू नका असं पाहुण्यांना बजावतात, कारण तिथे घोणशीच्या कुळातले विषारी साप आहेत.

आता मोठ्या चर्चकडे. उंची ३७ मीटर, भिंती पाइनच्या ओंडक्यांच्या, घुमटांवर ॲस्पेन या झाडाच्या लाकडाच्या फळकुट्या. या फळकुट्या सबंध चर्चवर ३०,००० च्या घरात आहेत. ताज्या असताना पिवळसर, आणि ऊन-पाऊस खाऊन रुपेरी होतात. ‘एकही खिळा नाही’ असं सगळीकडे सांगतात. ते ओंडक्यांच्या सांध्यांपुरतं खरं आहे, फळकुट्या मात्र खिळ्यांनीच ठोकलेल्या आहेत. खरी करामत पाण्याच्या निचऱ्यात आहे. वरच्या छपरांतून झिरपलेलं पाणी आत उतरू नये म्हणून खाली एक लपवलेलं छप्पर आहे, ते पाणी गोळा करून पन्हळीवाटे बाहेर टाकतं. शिवाय ओंडके कुऱ्हाडीने तासलेले. कुऱ्हाडीच्या घावाने लाकडाचे तंतू दाबले जातात, करवतीने ते फाटून उघडे राहतात आणि पाणी शोषतात.

एकोणिसाव्या शतकात भिंतींवर बाहेरून फळ्या मारल्या गेल्या आणि घुमटांवर पत्रा चढला. १९५० च्या दशकातल्या दुरुस्तीत हे सगळं काढलं. मूळ रूप परत आणायचं, हा हेतू. चर्चची जी छायाचित्रं जगभर गेली ती यानंतरची. माझ्या मते गोंधळाची सुरुवात इथूनच झाली. त्या फळ्या दिसायला परक्या होत्या हे कबूल, पण इतकी वर्षं त्याच भिंतींवरचा पाऊस झेलत होत्या. त्या गेल्यावर ओंडके उघडे पडले. पुढे बुरशी आणि लाकूड पोखरणारे किडे वाढले, इमारत कलू लागली. दोष फक्त फळ्या काढण्याचा नव्हता, असं मानणारे तज्ज्ञही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी डोळ्यांना सुख देण्यासाठी इमारतीचं पांघरूण काढलं गेलं, हे नाकारता येत नाही.

१९८० मध्ये चर्च बंद झालं. शंभराहून अधिक चित्रांची आतली वेदीभिंत उतरवली आणि पोकळ झालेल्या गाभ्यात पोलादी सांगाडा उभा केला. तात्पुरता धिरा म्हणून आलेला तो सांगाडा तीन दशकं तिथेच राहिला. १९९० मध्ये वास्तूसमूह जागतिक वारसा यादीत आला तेव्हाही चर्च त्याच्याच आधारावर होतं. पूर्ण उतरवून पुन्हा रचावं, असा एक पक्ष होता. इतर वास्तू अशाच आणल्या होत्या, मग हिचं काय वावडं? पण तीनशे वर्षांत दबून, वाकून एकमेकांत बसलेले ओंडके सुटले की पूर्वीसारखे बसतील याची हमी कुणी देत नव्हतं. वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी जो मार्ग ठरला तो धाडसी होता : इमारतीचे आडवे सात पट्टे करायचे, वरचा सगळा भार सांगाड्यावर तोलून धरायचा, आणि खालून सुरुवात करून एकेक पट्टा काढून, दुरुस्त करून परत बसवायचा. म्हणजे घुमट हवेत आणि खालच्या भिंती कार्यशाळेत.

हे काम २०१० च्या दशकात झालं. कुजलेला सबंध ओंडका फेकायचा नाही, कुजलेला भाग तेवढा कोरून काढायचा आणि त्याच आकाराचा पाइनचा तुकडा, तंतूंची दिशा जुळवून, खोबणीत बसवायचा, हा दंडक. जिथे काहीच वाचण्याजोगं नव्हतं तिथेच नवा ओंडका. २०२० मध्ये चर्चचं दार चाळीस वर्षांनी पाहुण्यांसाठी उघडलं. वेदीभिंत परत जागेवर आली होती.

या कामातला सर्वांत मोठा लाभ मला वाटतो तो सुतारांचा. संग्रहालयाने स्वतःची सुतारशाळा उभी केली, आणि तिथे तयार झालेल्या हातांनी चर्चचे ओंडके हाताळले. चर्चजवळ गेलात तर घुमटांआधी भिंतीचे खालचे थर बघा. जुन्या काळपट लाकडात बसवलेली फिकट ठिगळं तिथे उघड दिसतात. ती लपवण्याचा प्रयत्न मुद्दाम केलेला नाही.