हातपाय आधी थकतात की डोकं? फ्रेल्टी आणि डिमेन्शियाच्या नात्याची पार्श्वभूमी

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये 'जामा न्यूरॉलॉजी' या मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. अमेरिका आणि इंग्लंडमधले मिळून २९,८४९ लोक, सगळे साठीच्या पुढचे, सुरुवातीला कुणालाच डिमेन्शिया, म्हणजे रोजचं जगणं अडेल इतका विसर आणि गोंधळ, नव्हता. पुढं ज्यांना झाला त्यांचा जुना रेकॉर्ड मागं जाऊन तपासला तर निदान व्हायच्या ४ ते ९ वर्षं आधीपासूनच त्यांची फ्रेल्टी, म्हणजे शरीराचा कमकुवतपणा, जोरात वाढत गेलेला दिसला. आपल्याकडं बेळगाव-खानापूर-निपाणी साइडला हे कुणाला सांगितलं तर उत्तर ठरलेलं, 'वय झालं की असं व्हायचंच की हो'. पण व्हायचंच असेल तर सगळ्यांना सारखं का होत नाही? पंच्याऐंशीचा एक माळकरी माणूस पायी पंढरपूरला जाऊन येतो आणि सत्तरीचा दुसरा अंगणातून स्वयंपाकघरात येईपर्यंत दोनदा टेकतो. हा फरक नुसत्या वयानं पडत नाही, आणि डॉक्टर लोकांना तो नीट मोजता यायलाही २००१ उजाडलं, तोवर काय चाललं होतं ते बघण्यासारखं आहे.

आधी फ्रेल्टी म्हणजे काय ते. हा एखादा ठराविक रोग नाही. शरीराकडं जो राखीव साठा असतो तो संपत आलेला असतो, मग साधा ताप, जुलाब, एखादी रात्र झोप नाही, एवढ्यानंही माणूस अंथरूण धरतो आणि परत पहिल्यासारखा उठत नाही. घरात हे आधी बायकांच्या लक्षात येतं, कारण आज्जीच्या हातातल्या बांगड्या मनगटावर राहायच्या त्या कोपरापर्यंत सरकायला लागतात, पोलकं खांद्यावरून उतरतं, आणि घागर तर लांबच, पाण्याचा तांब्या पण दोन हातांनी धरायला लागतो. चार जण म्हणतात आज्जी वाळली. कुणी म्हणत नाही की दवाखान्यात दाखवूया.

आता डोक्याच्या बाजूचा इतिहास. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या इस्पितळात आउगुस्टं डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई आली, तिला अलॉइस अल्झायमर या डॉक्टरनं तपासलं, ती १९०६ मध्ये वारली आणि त्याच वर्षी त्यानं तिच्या मेंदूत दिसलेले डाग, म्हणजे साचून राहिलेले प्रोटीनचे गोळे, ट्युबिंगेनच्या सभेत मांडले. १९१० मध्ये क्रेपेलिन या जर्मन मानसोपचार डॉक्टरनं पुस्तकात या रोगाला अल्झायमरचं नाव दिलं; आज डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार तो हाच. गंमत अशी की बाई पन्नाशीची असल्यामुळं हा 'तरुणपणी होणारा' दुर्मीळ रोग ठरला, आणि ऐंशीच्या म्हाताऱ्याला विसर पडला तर तो रोग नाही, ते म्हातारपण. ही वाटणी पन्नास-साठ वर्षं टिकली! १९६८ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलला ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी दाखवलं की म्हाताऱ्या लोकांच्या मेंदूतही तेच डाग असतात आणि जितके जास्त डाग तितका विसर जास्त. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन मेंदूच्या डॉक्टरनं स्पष्ट लिहिलं, दोन्ही एकच आहे आणि हा मोठा जीवघेणा आजार आहे. तिथून पैसा आला, संशोधन आलं, पण सगळ्यांची नजर मेंदूतल्या डागांवर. मानेखाली काय चाललंय ते कुणी बघेना.

मानेखालचं बघणारे वेगळेच लोक होते. १९०९ मध्ये नॅशर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 'जेरियाट्रिक्स' हा शब्द काढला. मग १९३५ मध्ये लंडनजवळ मार्जोरी वॉरन या डॉक्टर बाईंकडं गरीबखान्याचे वॉर्ड आले. तिथं म्हातारे लोक वर्षानुवर्षं खाटेवर पडून, कुणी तपासलेलं नाही, रोगाचं नाव नाही, नुसते पडलेले. बाईंनी एकेकाला तपासलं, उठवलं, बसवलं, चालवलं आणि त्यातले बरेच जण घरी गेले. नुसतं झोपवून ठेवल्यानंच माणूस खलास होतो हे त्यांनी दाखवलं. मला तर या सगळ्या इतिहासात हीच बाई सगळ्यात मोठी वाटते, पण नाव अल्झायमरचं झालं.

म्हणजे एका बाजूला मेंदूवाले, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्यांचे डॉक्टर, आणि पेशंट मात्र एकच.

२००१ मध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकदमच झाल्या. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या टीमनं पासष्टीच्या पुढच्या ५,३१७ लोकांच्या माहितीवरून फ्रेल्टीची पाच लक्षणं ठरवली. वर्षात साडेचार किलोच्या वर वजन आपोआप उतरणं, सतत थकवा, हाताची पकड ढिली, चाल मंद, आणि हालचाल कमी. पाचातली तीन असतील तर फ्रेल, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. पकड मोजायला एक हँडल असतं, ते मुठीत धरून जीव खाऊन दाबायचं, काटा किती किलोवर जातो ते लिहायचं. चाल मोजायला फक्त पंधरा फूट जागा आणि घड्याळ, नेहमीसारखं चाला म्हणायचं, पळायचं नाही. एवढं साधं. पण यात एक मेख होती जी मला फार महत्त्वाची वाटते: पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेले, पार्किन्सनवाले आणि डोकं फारच कमी चालणारे लोक या हिशोबातून आधीच बाहेर काढले होते. कारण बरोबरच होतं, नुसत्या शरीराचा कमकुवतपणा बघायचा होता, एका रोगाचा परिणाम म्हणून आलेला नाही. पण त्यामुळं झालं असं की फ्रेल्टीची जगभर चालणारी व्याख्या जन्मली तीच विसरभोळेपणाला दाराबाहेर ठेवून.

दुसरीकडं कॅनडात हॅलिफॅक्सला केनेथ रॉकवुड आणि अर्नोल्ड मिटनिट्स्की यांनी उलटा रस्ता धरला. मिटनिट्स्की मूळचे गणितवाले. त्यांनी म्हटलं कुठली पाच लक्षणं ते भांडत बसू नका, माणसात काय काय बिघडलंय ते सगळं मोजा, कानानं ऐकू येत नाही, गुडघा धरतो, शुगर आहे, आंघोळ स्वतः करता येत नाही, झोप नाही, विसर पडतो, अशा ९२ गोष्टींची यादी, आणि त्यातल्या किती आहेत भागिले ९२. ज्याच्या बिघाडाची बेरीज मोठी तो फ्रेल, मग बिघाड कुठलेही असोत. घराच्या वयापेक्षा किती कौलं फुटलीत ते मोजण्यासारखं हे. यात विसर हा पण एक बिघाड म्हणून आत आला, म्हणून पुढं डिमेन्शियाशी जोड लावायचं बरंचसं काम याच पद्धतीनं झालं. आजही हे दोन गट आहेत आणि कुठला अभ्यास कुठल्या मापानं केलाय ते न बघता आकडे शेजारी ठेवले तर घोळ होतो.

जोड लागायला सुरुवात शिकागोत झाली. तिथल्या रश विद्यापीठानं १९९७ पासून म्हाताऱ्या लोकांचा एक अभ्यास चालवलाय, दरवर्षी तपासणी आणि मेल्यावर मेंदू दान करायचं कबूल केलेलं. २००७ मध्ये अॅरन बुकमन आणि त्यांच्या लोकांनी आठशेहून जास्त जणांच्या माहितीवरून दाखवलं की जो जास्त फ्रेल त्याला पुढं अल्झायमर व्हायचा धोका जास्त. झालं, सिद्ध? नाही. पुढच्याच वर्षी त्यांनीच वारलेल्यांचे मेंदू तपासले तर जे फ्रेल होते त्यांच्या मेंदूत अल्झायमरचे डाग जास्त, आणि हे ज्यांना डिमेन्शिया झालाच नव्हता त्यांच्यातही. म्हणजे डोक्यातला रोगच आधी गुपचूप हातपाय ढिले करत असेल तर? मग फ्रेल्टी कारण कसली, ती तर पहिलं लक्षण. हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत पुरता सुटलेला नाही.

मग २०१९. त्याच शिकागोच्या ४५६ लोकांच्या मेंदूंवर लिंडसे वॉलेस, रॉकवुड वगैरेंनी काम केलं. काही जणांच्या मेंदूत डाग भरपूर पण जिवंतपणी डोकं शाबूत, काहींच्यात डाग थोडेच आणि तरी डिमेन्शिया. असे लोक असतात हे आधी अमेरिकेतल्या ६७८ ननवर झालेल्या अभ्यासात पण दिसलं होतं. वॉलेसच्या टीमला दिसलं की या कोड्याचा एक मोठा हिस्सा फ्रेल्टीनं सुटतो. शरीर धट्टंकट्टं असेल तर मेंदू बराच मार सोसतो, शरीर खचलेलं असेल तर थोड्या डागांनीही माणूस कोसळतो. याच्यानंतर लोक या विषयाकडं सीरियसली बघायला लागले. २०२२ मध्ये ब्रिटनच्या यूके बायोबँकच्या, म्हणजे लाखो लोकांची तब्येतीची माहिती साठवलेल्या प्रकल्पाच्या, माहितीवरून असंही दिसलं की ज्यांच्या जीन्समध्ये धोका कमी त्यांनासुद्धा फ्रेल्टी असेल तर धोका वाढलेलाच. आणि सुरुवातीला सांगितलेला २०२४ चा अभ्यास मुद्दाम फ्रेल्टी कारण की लक्षण हा जुना प्रश्न डोक्यात ठेवून केला होता, रोग सुरू व्हायच्या बराच आधीची माहिती घेऊन, आणि तरी संबंध राहिला. दर चार-पाच जादा बिघाडांमागं धोका साधारण ४० टक्क्यांनी जास्त. हे निरीक्षण आहे हं, फ्रेल्टीनंच डिमेन्शिया होतो असं कुणी छातीठोकपणे म्हटलं तर मी मानणार नाही.

कसं घडत असेल? एक कारण नाही. बीपी-शुगरनं बारीक रक्तवाहिन्या खराब होतात त्या पायातल्या पण आणि डोक्यातल्या पण. शरीरात बारीकशी सूज कायम धुमसत राहते ती स्नायू पण खाते आणि मेंदूलाही सोडत नाही. चालता येत नाही म्हणून बाहेर जाणं बंद, भजन बंद, कट्ट्यावरची टवाळी बंद, मग डोक्याला काम नाही. आणि पडून मांडीचं हाड मोडलं, दवाखान्यात पंधरा दिवस पडून राहिलं, रात्री बरळायला लागलं, की तिथून उतरण.

आता आपल्या भागाचं सांगतो, कारण इथं हे मोजणंच अवघड आहे. विसर तपासायची जगात सगळ्यात जास्त चालणारी परीक्षा १९७५ ची, अमेरिकन, त्यात वार-तारीख विचारतात, शंभरातून सात सात वजा करायला सांगतात, एक वाक्य लिहायला सांगतात. शाळा न बघितलेल्या आज्जीनं काय करायचं? म्हणून मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हरियाणात बल्लभगडच्या कामासाठी निरक्षरांना चालेल अशी हिंदी परीक्षा बनवली. इथं सीमाभागात अजून एक फाटा. त्या अमेरिकन परीक्षेत विचारतात, आपण कुठल्या राज्यात आहोत? आता जे आजोबा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात गेले, १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं, आणि हे सगळं एकाच घरात एकाच खाटेवर बसून, आणि शिवाय 'बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी' म्हणत मोर्चात चाललेले, त्यांनी 'महाराष्ट्र' असं ठणकावून सांगितलं तर मार्क कापायचा का? डॉक्टर बाहेरचा असला तर कापणार. चेष्टा सोडा, पण प्रश्न कन्नडमध्ये विचारला आणि ऐकणारी आज्जी खानापूरच्या जंगलकडच्या खेड्यातली, तर उत्तर चुकलं ते विसरल्यामुळं की कळलंच नाही म्हणून, हे कागदावर दिसत नाही.

म्हणून मला फ्रेल्टीचं माप आपल्यासाठी जास्त कामाचं वाटतं. मुठीतल्या हँडलला मराठी-कन्नड कळत नाही. चालीलाही नाही. जो वर्गीस या न्यूयॉर्कच्या डॉक्टरनं तर २०१३ मध्ये नुसती मंद चाल आणि 'मला विसर पडतोय' ही तक्रार, या दोनच गोष्टींवरून धोका ओळखायची पद्धत मांडली, आणि त्यांचं काम केरळात कोझिकोडलाही चालतं. पण इथंही डोळे झाकून घेता येत नाही. निपाणीला आयुष्यभर विड्या वळलेली बाई, बेळगावच्या वडगावात हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर, भातशेतीत वाकलेली खानापूरची माणसं, यांची चाल गुडघ्यामुळं आणि कमरेमुळं पन्नाशीतच मंद झालेली असते. अमेरिकेच्या मापानं निम्मं गाव फ्रेल निघेल. म्हणून एकदा मोजून उपयोग नाही, त्याच माणसाचं दोन वर्षांपूर्वी काय होतं आणि आता काय आहे ते बघायला पाहिजे.

देशाचा आकडा म्हणाल तर घरोघरी तपासणी करून केलेला, २०२३ मध्ये आलेला अंदाज साठीच्या वर ७.४ टक्के, म्हणजे साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया.

मग फ्रेल्टी कमी केली तर डिमेन्शिया टळतो का? इथं जरा थंड पाणी ओतायला पाहिजे. अमेरिकेत १,६३५ म्हाताऱ्या लोकांपैकी निम्म्यांना दोन-अडीच वर्षं व्यायाम करायला लावलेला लाइफ नावाचा अभ्यास झाला, २०१४ मध्ये कळलं की व्यायामवाल्यांचं चालणं-फिरणं जास्त टिकलं, पण २०१५ मध्ये डोक्याचा निकाल आला तर फरक काही नाही. त्याच वर्षी फिनलंडच्या फिंगर अभ्यासात १,२६० जणांपैकी निम्म्यांना व्यायाम, खाणं, डोक्याचं काम आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकदम दिलं तेव्हा मात्र डोक्याच्या परीक्षेत थोडा फायदा दिसला. एकट्या चालण्यानं भागत नाही, असं धरून चालावं.

जागतिक आरोग्य संघटनेची एक सोपी तपासणी आहे, खुर्चीवर हात न लावता पाच वेळा उठा-बसायचं, १४ सेकंदांच्या आत. घरी करता येते, फक्त बाजूला कुणीतरी धरायला उभं राहा. जमलं नाही तर डॉक्टरला दाखवा, वजन उतरलंय का ते सांगा, बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगा, कान-डोळे दाखवा, कारण यातलं बरंच दुरुस्त होण्यासारखं असतं. आणि जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, झोपेच्या, लघवीच्या, खाजेच्या, मेडिकलवाल्यानं परस्पर दिलेल्या पण, कारण यातल्या काही गोळ्यांनीच तोल जातो आणि डोक्यावर गुंगी येते, आणि ती पिशवी टेबलावर पूर्ण रिकामी केल्याशिवाय कुठल्याच डॉक्टरला ते कळायचं नाही.