गाझोझ जिभेला का चावतो?

गार गाझोझचा पहिला घोट घेतला की जीभ चुरचुरते. फुगे फुटून जिभेला टिचक्या मारतात म्हणून असं होतं, अशी बहुतेकांची समजूत आहे. ती चूक आहे.

गाझोझ म्हणजे तुर्कस्तानातलं जुनं, गोड, पाण्यासारखं स्वच्छ पेय. ‘वायुयुक्त’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून त्याला हे नाव पडलं. आनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागातल्या, कित्येक गावांना स्वतःचा गाझोझ आहे. बुर्सा शहराजवळच्या २५४३ मीटर उंच उलुदा पर्वताच्या नावाचा गाझोझ तर देशभर मिळतो. बूच उघडलं की फस्स आवाज होतो आणि काचेच्या आत फुग्यांच्या बारीक माळा वर चढू लागतात.

फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी २०१३ साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना वाढीव दाबाच्या खोलीत बसवून त्यांनी सोडा प्यायला दिला. एवढ्या दाबाखाली फुगे तयारच होत नाहीत, तरीही जीभ तेवढीच चुरचुरली!

मग चावतं कोण? विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसल्यामुळे तो पेशीच्या पटलातून सहज आत शिरतो. आत पाण्याशी संयोग होऊन कार्बोनिक आम्ल बनतं आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटतात. एरवी ही क्रिया संथ असते, घोट तर क्षणात घशाखाली जातो. पण आपल्या पेशींत कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नावाचं विकर, म्हणजे ही क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन (एन्झाइम), असतं. त्याचा एक रेणू सेकंदाला दहा लाखांच्या घरात रेणूंचं रूपांतर करू शकतो. आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर याच विकराचा एक प्रकार बसलेला असतो, हे २००९ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. तोंडातल्या वेदना मेंदूकडे नेणाऱ्या चेतातंतूंच्या आतही असंच आम्ल वाढतं आणि टीआरपीए१ नावाचं प्रथिनाचं दार उघडतं. लोणच्यासाठी फेसलेली मोहरी नाकात झणझणते ना, ती हेच दार उघडून! म्हणजे गाझोझचं चावणं ही एक सौम्य वेदना आहे, आणि ती आपण आवडीने विकत घेतो.

  

चुरचुरण्यामागे कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेजच असतं, याचा पक्का पुरावा गिर्यारोहकांकडून मिळाला. विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी ते अ‍ॅसिटाझोलामाइड नावाचं औषध घेतात. हे औषध नेमकं याच विकराला अडवतं. शिखर सर करून आनंदाने बिअर उघडावी, तर ती बेचव लागते. फेस उसळत असतो, फुगे वर येत असतात, पण जीभ चुरचुरत नाही.